मुळं नारिंगी, टोकं हिरवट: बिघडलेला रंग केस न जाळता कसा सावरायचा

ताई, उद्या जाऊ नका.

तुम्ही विचारलंय ते आधी इथे थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमचे केस कंबरेच्या थोडे वर, मूळचे काळेभोर, कानांजवळ पांढरे. भाच्याचं लग्न बारा दिवसांवर आलंय. पार्लरमध्ये मोबाइलवरचा फोटो दाखवून तुम्ही ॲश ब्राऊन (राखाडी झाकेचा तपकिरी) ग्लोबल, म्हणजे सगळ्या केसांना, करून घेतलं. आता मुळाकडचे दोन बोटं केस नारिंगी दिसतात, मधला भाग पट्ट्यापट्ट्यांचा तपकिरी आहे आणि टोकं काळपट हिरवी. पार्लरवाली म्हणते, ‘उद्या या, पूर्ण ब्लीच मारून परत करून देते, पैसे नकोत.’ त्याआधीचा इतिहास असा: दर महिन्याला रूट टचअप (नव्या वाढलेल्या मुळांना रंग), दोन वर्षं काळी मेंदी (ती सोडून दीड वर्ष झालं) आणि आठ महिन्यांपूर्वी स्मूदनिंग (केस सरळ करण्याची रासायनिक ट्रीटमेंट).

हा शेवटचा भाग तुम्ही ‘जाता जाता सांगते’ म्हणून लिहिलाय. माझ्या दृष्टीनं सगळा प्रश्न त्यातच आहे.

माझे वडील साताऱ्याला केशकर्तनालय चालवायचे. कलप म्हणजे काळा, एवढाच रंग त्यांच्या दुकानात होता. मी गेली बावीस वर्षं पुण्यात कलरचं काम करतोय, आणि त्यातलं निम्मं काम दुसरीकडे बिघडलेलं सावरण्याचं असतं. या कामात एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसते. पहिल्या बैठकीत रंग बिघडतो, केस सहसा बिघडत नाहीत. केस जातात ते दुसऱ्या बैठकीत, घाईघाईनं केलेल्या दुरुस्तीत. तुमचे केस अजून शाबूत आहेत, फक्त वाईट दिसताहेत. त्या दोन गोष्टी आज तुम्हाला एकच वाटत असतील, पण त्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आता झालं काय असावं ते सांगतो. न पाहता सांगतोय, पण हा नमुना इतका नेहमीचा आहे की चुकण्याची शक्यता कमी.

आम्ही केसांचा गडदपणा १ ते १० असा मोजतो. १ म्हणजे काळा, १० म्हणजे अगदी फिकट सोनेरी. आपल्याकडचे केस बहुधा १ ते ३ मध्ये असतात. काळा केस उजळायला लागला की तो थेट तपकिरी होत नाही. आतलं रंगद्रव्य टप्प्याटप्प्यानं उघडं पडतं: ४ ला लाल, ५ ला लालसर नारिंगी, ६ ला नारिंगी, ७ ला नारिंगी-पिवळा, ८ ला पिवळा, आणि १० ला केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा. फोटोतला तो थंड, राखाडी झाक असलेला ब्राऊन मिळवायचा तर केस आधी निदान ६-७ पर्यंत उजळायला हवा आणि मग वर राखाडी छटा बसायला हवी. तुमच्या बाबतीत हे सगळं एकाच मिश्रणात, एकाच वेळी, मुळापासून टोकापर्यंत उरकलं गेलं.

मुळाजवळचा केस कोवळा आणि कोरा असतो, वर डोक्याची ऊब. टाळूलगतचा सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर त्या उबेनं भराभर उजळतो. म्हणून कोऱ्या केसावर ग्लोबल करताना मधला भाग आणि टोकं आधी लावायची, वीसेक मिनिटं जाऊ द्यायची आणि मुळं शेवटी घ्यायची अशी पद्धत आहे. तुमच्याकडे मुळांपासून सुरुवात झाली असणार, आणि तीही जोरकस डेव्हलपरनं, म्हणजे रंगात मिसळतात त्या पेरॉक्साइडनं. मुळं ५ वर जाऊन थांबली, म्हणजे लालसर नारिंगी. राखाडी छटा तिथे तोकडी पडली.

मधल्या भागात जुन्या टचअपचा रंग बसलेला आहे, आणि कृत्रिम रंगाला नवा रंग उतरवू शकत नाही. आमच्या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हेच, ‘कलर कलरला लिफ्ट करत नाही.’ रंगावर रंग लावला तर भर पडते, वजाबाकी होत नाही. दर महिन्याला टचअप करताना ब्रश जिथे जिथे खाली ओघळला तिथे जास्त थर, जिथे नाही ओघळला तिथे कमी. पट्टे पडले ते तिथून.

टोकं चार वर्षांची आहेत. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो, त्यामुळे तुमच्या टोकांनी चार दिवाळ्यांची उटणी पाहिलीत. इतक्या जुन्या केसाच्या खवल्या उघड्या पडलेल्या असतात, तो स्पंजासारखा रंग पितो. सगळ्यात जास्त पितो ती राखाडी छटा, कारण तिच्यात निळा-हिरवा असतो. त्यातून हिरवट झाक. दुसरा संशयित म्हणजे काळी मेंदी. तिच्यात नीळ असेल तर पेरॉक्साइड लागल्यावर ती हिरव्याकडे झुकते. तिसरा संशयित पाणी. तुमच्या सोसायटीला बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर त्यातले क्षार, लोह, कधी तांबं केसावर बसतं, आणि केस हिरवा करण्यात तांब्याचा हात मोठा. पोहणाऱ्यांचे उजळ केस हिरवे होतात तेव्हा दोष क्लोरीनला जातो, खरं काम पाण्यातल्या तांब्याचं असतं.

आता काळ्या मेंदीबद्दल थोडं थांबून बोलतो, कारण मला ती गोष्ट महागात पडलेली आहे.

नुसत्या मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, ते केसाच्या केराटिनला, म्हणजे केसातल्या प्रथिनाला, चिकटतं आणि नारिंगी-लाल रंग देतं. ते हट्टी आहे, सहजी निघत नाही, पण घातक नाही. ‘काळी मेंदी’ ही वेगळी वस्तू. पाकिटावर पानाचं चित्र असलं तरी काळा रंग बहुतेक वेळा पीपीडी या केस रंगवण्याच्या रसायनानं येतो, म्हणजे वडिलांच्या कलपातच असायचा तो पदार्थ, आणि काही मालात धातूंचे क्षार असतात. पेरॉक्साइड आणि धातूचा क्षार एकत्र आले की उष्णता तयार होते.

साधारण पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एक बाई हायलाइट्स करायला आल्या. मी विचारलं, आधी काय लावलंय? ‘काही नाही, घरची मेंदी.’ मी पुढे विचारलं नाही. चौथी फॉइल घडी करत होतो तेव्हा पहिली फॉइल बोटाला कोमट लागली. कोमट म्हणजे चहाच्या कपाच्या बाहेरून लागते तशी. उघडली तर आतून वाफ आली, कुजक्या अंड्यासारखा वास, आणि ब्लीचची निळी पेस्ट फुगून वर आलेली. बेसिनपर्यंत नेईस्तोवर ती बट माझ्या बोटांत आली. ओल्या शेवयांसारखी, ओढली की लांबत जाणारी आणि मग गप्पकन तुटणारी. कानामागचीच बट होती म्हणून झाकली गेली. बाई भल्या, त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्या दिवसापासून मी ‘घरची मेंदी’ हे शब्द ऐकले की पाकिटाचा फोटो मागतो.

तुम्ही काळी मेंदी सोडून दीड वर्ष झालं, म्हणजे मुळापासून साधारण वीतभर केस मेंदीविना आहेत. त्याखालचा बहुतेक सगळा केस मेंदी खाल्लेला. परवा लावलेल्या रंगात पेरॉक्साइड होतंच आणि केस तापला नाही, तुटला नाही, ही चांगली खूण. पण रंगातलं पेरॉक्साइड आणि ब्लीच यांत फरक आहे. ब्लीचमध्ये पेरॉक्साइडसोबत परसल्फेट असतं आणि ते बरंच जास्त आक्रमक. एकदा निभावलं म्हणून दुसऱ्यांदा निभावेलच असं धरून चालू नका.

त्यात स्मूदनिंग. केसाच्या गाभ्यात प्रथिनांच्या साखळ्या असतात आणि त्या गंधकाच्या जोड्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. स्मूदनिंग, रिबॉन्डिंगचं क्रीम या जोड्या सोडवतं, इस्त्रीनं केस सरळ करतात आणि मग दुसऱ्या क्रीमनं जोड्या परत बांधतात. सगळ्या कधीच परत बांधल्या जात नाहीत. ब्लीच रंगद्रव्य फोडता फोडता याच जोड्या कायमच्या तोडतं. म्हणजे मुळाजवळचे आठ-दहा सेंटीमीटर सोडले तर तुमचा सगळा केस अर्ध्या खिळ्यांवर उभा असलेला पाट आहे. पूर्ण ब्लीच म्हणजे उरलेले खिळे काढणं. पार्लरवालीनं स्मूदनिंगबद्दल विचारलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, नाही विचारलं.

तर आता काय करायचं. उजळायचं नाही, सावरून गडद करायचं. लग्नात तुमचे केस फोटोतल्यासारखे राखाडी-ब्राऊन नसतील. मुळापासून टोकापर्यंत एकसारखे, चकाकणारे गडद ब्राऊन असतील. ते बारा दिवसांत जमतं, आणि साडीवर ते जास्त शोभेल असं माझं खासगी मत आहे. राखाडी छटा आपल्या त्वचेच्या पिवळसर-गव्हाळ रंगावर पुष्कळदा चेहरा आजारी दाखवते. मोबाइलवर दिसणाऱ्या त्या मुलींच्या फोटोंना फिल्टर असतो, आणि मागे खिडकीही असते.

पहिले चार दिवस काहीच रासायनिक करू नका. फक्त धुवा. ताजा राखाडी रंग सच्छिद्र टोकांवर फार टिकत नाही, दोन-तीन धुण्यांत बराच सैल होतो. यातलं एक धुणं चीलेटिंग शाम्पूनं करा, म्हणजे पाण्यातले क्षार ओढून काढणारा शाम्पू. व्यावसायिक मालाच्या दुकानात मिळतो. तो एकदाच वापरायचा, तीन-चार मिनिटं फेस ठेवून, आणि नंतर भरपूर कंडिशनर. शेवटचं पाणी बाटलीबंद किंवा आरओचं घेतलं तर उत्तम, एक तांब्याभर पुरतं. निम्म्या बायकांची हिरवी टोकं इथेच अर्ध्यावर येतात, आणि मला कमी काम उरतं.

या चार दिवसांत लिंबू, खाण्याचा सोडा, भांड्याचा साबण, व्हिनेगर, दही-अंडं यातलं काही लावू नका. तुमची जाऊ सांगेल, यूट्यूब सांगेल. सोडा अल्कधर्मी आहे, तो खवल्या आणखी उघडतो. भांड्याचा साबण रंग काढतो खरा, सोबत केसातलं उरलंसुरलं तेलही काढतो. जांभळा शाम्पूही आणू नका. जांभळा पिवळ्याला मारतो, तुमची मुळं नारिंगी आहेत. नारिंगीवर निळा शाम्पू चालतो, पण इतक्या गडद पातळीवर तो वीस टक्केही फरक दाखवत नाही, उगाच पैसे.

पाचव्या दिवशी दोन चाचण्या. पहिली घरीच होते. मधल्या भागातला एक केस मुळापासून तोडून पाण्यात भिजवा, दोन्ही हातांच्या चिमटीत धरा आणि हळू ओढा. निरोगी ओला केस लांबीच्या सुमारे तिसऱ्या हिश्शाइतका ताणला जातो आणि सोडला की परत येतो. ताणून तसाच लोंबत राहिला, किंवा च्युइंगमसारखा लांबत गेला, तर त्या भागावर कुठलाच अल्कधर्मी रंग नको, फक्त ॲसिडिक ग्लॉस, म्हणजे खवल्या फारशा न उघडता बसणारा सौम्य रंग. कानामागचा, डोक्यावरचा आणि मानेवरचा असे तीन केस तपासा, तिन्हीकडे उत्तर वेगळं येऊ शकतं.

दुसरी चाचणी पार्लरमध्येच करून घ्या, घरी नको. काचेच्या वाटीत ३० मिलि २० व्हॉल्यूम पेरॉक्साइड (व्हॉल्यूम म्हणजे त्याचा जोर), त्यात अमोनियाच्या पाण्याचे वीस थेंब, आणि फणीत आलेले टोकाकडचे पंधरा-वीस केस टेपनं बांधून अर्धा तास त्यात. बुडबुडे, ऊब, वास किंवा रंगात झटकन बदल दिसला तर धातू आहे. उलटही लक्षात ठेवा: अर्ध्या तासात केस किंचितही उजळला नाही तरी संशय धरायचा, काही धातूंचा लेप केसाला अडवून धरतो. चाचणी वाईट निघाली तर पेरॉक्साइड असलेलं काहीच नाही, मग निव्वळ सेमी-पर्मनंट रंग, जो डेव्हलपरविना लागतो. ‘ही चाचणी आम्ही करत नाही’ असं उत्तर मिळालं तर दुसरं ठिकाण शोधा. यात कुणाचा अपमान नाही.

चाचण्या ठीक निघाल्या तर सहाव्या-सातव्या दिवशी काम. तुमच्या कलरिस्टला दाखवता यावं म्हणून जरा तपशिलात लिहितो.

मुळं आधी, फक्त मुळं. नारिंगीच्या विरुद्ध निळा, लालाच्या विरुद्ध हिरवा, पिवळ्याच्या विरुद्ध जांभळा, हे चक्र सगळ्या कलरिस्टना पाठ असतं. लालसर नारिंगी ५ वर ४ पातळीचा न्यूट्रल (खास झाक नसलेला) आणि ४ चाच ॲश (राखाडी झाकेचा), दोन भाग न्यूट्रलला एक भाग ॲश. नुसता ॲश लावला तर मुळं चिखलासारखी बसतात, म्हणून न्यूट्रल जास्त. ट्यूबवर पूर्णांकानंतरचा आकडा छटा सांगतो; बहुतेक कंपन्यांत ०.१ ॲश, ०.३ गोल्ड असतं, पण प्रत्येक कंपनीच्या ॲशमध्ये निळा-हिरवा-जांभळा वेगळ्या प्रमाणात असतो, त्यामुळे शेड कार्ड पाहूनच. डेव्हलपर १० व्हॉल्यूम, म्हणजे ३ टक्के. इथे उजळायचं नाहीये, नुसता रंग बसवायचाय. ३० किंवा ४० व्हॉल्यूमची, म्हणजे ९ किंवा १२ टक्क्यांची बाटली टेबलावर दिसली तर विचारा कशासाठी.

कानांजवळचे पांढरे केस मात्र १० व्हॉल्यूमनं नीट झाकत नाहीत. तिथे वेगळ्या वाटीत ४ न्यूट्रल आणि २० व्हॉल्यूम, म्हणजे ६ टक्के, असं मिश्रण. दोन वाट्या, दोन ब्रश. पार्लरमध्ये याचा कंटाळा करतात, तुम्ही आग्रह धरा.

मुळांना वीसेक मिनिटं झाली की मधला भाग. इथे डेमी-पर्मनंट, म्हणजे हळूहळू धुऊन फिका होणारा रंग, ४ किंवा ५ चा न्यूट्रल, सौम्य डेव्हलपरसोबत. पट्ट्यांत जिथे उजळ आहे तिथेच ब्रशनं, गडद पट्टे सोडून. हे काम भरभर होत नाही. मी एका डोक्याला सव्वा तास घालवतो, मागे उभी असलेली मुलगी जांभया देते.

टोकं सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हलक्या हातानं. हिरवटाच्या विरुद्ध लाल, म्हणून टोकांवर ५ चा सोनेरी-तांबूस ॲसिडिक ग्लॉस, आधी टोकं ओली करून. वेळ घड्याळावर सोडायची नाही. दर दोन मिनिटांनी एक बट टॉवेलनं पुसून उजेडात बघायची. कधी पाच मिनिटांत होतं. हिरवट गेल्यावर एक मिनिटही जास्त नको, नाहीतर टोकं लालभडक. आणि काहीही झालं तरी मुळांचं मिश्रण ‘शेवटची पाच मिनिटं खाली ओढून घेऊ’ असं करू देऊ नका. दर महिन्याला ते तसं ओढलं गेलं, त्यातूनच तुमचे पट्टे तयार झालेत.

निकाल खिडकीशी बघा. पार्लरच्या पिवळ्या दिव्यांत नारिंगी दिसतच नाही, पांढऱ्या ट्यूबखाली सगळंच हिरवट दिसतं.

याच पार्लरमध्ये जायचं की दुसरीकडे? माझं मत, आधी यांच्याकडूनच नोंद घ्या: कुठली कंपनी, कुठले नंबर, किती व्हॉल्यूम, किती मिनिटं. भांडू नका, नुसतं लिहून मागा. पुढचा कोणीही ही चिठ्ठी पाहून अर्धा तास वाचवेल. तिथे वयानं, अनुभवानं मोठी कलरिस्ट असेल आणि ती ‘आज नको, आधी बट तपासू’ म्हणाली तर खुशाल तिच्याकडून करून घ्या. चूक करणारे सगळेच वाईट नसतात. मीही चुकलो, वर सांगितलंच. पण ‘ब्लीच मारू’ हेच एक उत्तर असेल तर फुकट असलं तरी नको.

याच निमित्तानं इतर दोन-तीन प्रकार, कारण अशी पत्रं नेहमी येतात.

रंग फार काळा झाला असेल तर लगेच ब्लीच नको. कलर रिमूव्हर नावाची वस्तू मिळते, ती ऑक्सिडेशननं फुगलेले रंगाचे कण परत बारीक करते, म्हणजे ते धुऊन निघतात. गंधकाचा वास येतो, घाबरू नका. ती तुमच्या नैसर्गिक रंगाला हात लावत नाही. पण रंगाखाली केस आधीच उजळलेला असेल तर तो नारिंगी उघडा पडतो, आणि लोक म्हणतात रिमूव्हरनं केस बिघडवले. खरी चूक धुण्यात होते. कण बारीक झालेत पण केसातच राहिले तर हवा लागून परत फुगतात, दोन दिवसांत काळा परत. म्हणून पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली, कंटाळा येईपर्यंत, आणि पुढे आणखी थोडं. मेंदीवर ही वस्तू जवळपास निरुपयोगी आहे.

ब्लीच केलेल्या पिवळ्या केसावर थेट ब्राऊन लावलं तर तो मातकट, कधी शेवाळी होतो आणि चार धुण्यांत गळतो. उजळताना जो लाल-नारिंगी गेला तो आधी परत भरावा लागतो, मगच ब्राऊन बसतो. याला फिलर म्हणतात. मुली लग्न ठरलं की निळे-गुलाबी केस परत काळे करायला येतात आणि एका बैठकीत व्हावं म्हणतात; तेव्हा हे दोन टप्पे समजावता समजावता माझा चहा गार होतो.

केराटिन ट्रीटमेंट नंतर रंग एक-दोन पातळ्या उजळ दिसू लागतो, विशेषतः ग्लायऑक्सिलिक ॲसिड असलेल्या मालानं. तो कलरिस्टचा दोष नसतो. आधी केराटिन, मग रंग, हा क्रम ठेवा, मधे दोन आठवडे जाऊ द्या.

आणि एक गोष्ट जी रंगाची नाहीच. टाळूला आग, फोड, पापण्या किंवा कानाची पाळी सुजणं यातलं काहीही झालेलं असेल तर दुरुस्ती वगैरे सगळं बाजूला, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. श्वासाला त्रास झाला तर थेट दवाखान्यात. पीपीडीची ॲलर्जी वर्षानुवर्षं रंग लावणाऱ्याला एक दिवस अचानक होते, आणि एकदा झाली की पुढच्या वेळी जास्त जोरात होते. त्यामुळे तुमच्या या कामाआधीही कानामागे मिश्रणाचा ठिपका लावून ४८ तास थांबायचं. म्हणजे हे चौथ्या दिवशीच करून ठेवा, बारा दिवसांच्या हिशेबात ते बसतं.

बाजारातल्या बॉन्ड-बांधणाऱ्या, म्हणजे केसातल्या त्या गंधकाच्या जोड्या जपणाऱ्या, बाटल्यांबद्दल विचाराल. २०१४ मध्ये ओलाप्लेक्स आलं तेव्हापासून प्रत्येक कंपनीची एक आहे. ब्लीच करताना सोबत वापरली तर नुकसान कमी होतं, हा माझा अनुभव. मेलेला केस जिवंत करते, हे खोटं. तुमच्या बाबतीत आठवड्यातून एकदा लावायला हरकत नाही, न लावलं तरी बिघडणार नाही. खोबरेल तेल मात्र धुण्याच्या आदल्या रात्री लावाच. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी तपासलं तेव्हा खनिज तेल आणि सूर्यफूल तेलाच्या तुलनेत खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि प्रथिनांची गळती कमी करतं असं दिसलं. ते संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच होते हेही सांगून ठेवतो, पण आमच्या खुर्चीवरचा अनुभव त्याला धरून आहे. रंग केल्यानंतर पहिले तीन दिवस तेल नको, कोमट नव्हे तर गार पाण्यानं धुणं, आणि इस्त्री-कर्लर लग्नाच्या दिवसापर्यंत कपाटात.

टोकांचं एक बोट कापून टाका, रंगाच्या दिवशीच, रंगाआधी. तेवढ्यात सगळ्यात जुना, सगळ्यात हिरवा भाग जातो आणि कुणाला कळतही नाही.

लग्नाला अंबाडा घालणार असाल तर केशरचना करणारीला आधी फोन करून सांगा की केस रंगाच्या दुरुस्तीतून गेलेत, त्यामुळे मुळांना उलटी फणी नको. फुगवटा हवा तर आत स्टफिंग घालायचं, पिना कमी, स्प्रे अंबाड्यावरच, मुळांवर नको. कानांजवळ पांढरे पुन्हा दिसलेच तर गजरा थोडा पुढे ओढून घ्या. आणि रात्री पिना काढताना स्प्रे लागलेल्या जागी आधी चमचाभर तेल चोळून दहा मिनिटं थांबा, मग फणी.